खंडेनवमीचा डायनमो

मीनाक्षीबाई रेशीम नेसून ॲसिड हाताळायची, आणि कुंभकोणमची तिच्याबद्दल पहिली तक्रार हीच होती. विधवा बाई, अंगावर रेशीम, तेही रोज, तेही दुकानात. देवळाच्या वाटेवर बायका एकमेकींना कोपरानं ढोसत. एकदा एकीनं धीर करून तोंडावर विचारलं. मीनाक्षीबाईनं पदराचं टोक तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "सुती नेसून पाहिलं की हो. संध्याकाळपर्यंत लुगड्याची चाळण झाली. ॲसिड कापूस खातं, रेशीम त्याला लवकर पचत नाही. तुम्ही मजला सुती नेसा म्हणता, म्हणजे मी बाजारात भोकाभोकांतून दिसावं असं म्हणता काय?"

ती बाई पुन्हा त्या वाटेनं गेली नाही.

ही पातळं तिरुभुवनमच्या नटराज नावाच्या विणकराकडून यायची. मागावर काठ चुकलेली, सावकार नाकारायचा ती. मी त्या दिवसांत तिरुभुवनमच्या विणकरांचा संघ उभा करायच्या खटपटीत असे, त्यामुळे ती बहुधा माझ्याच सायकलवरून कुंभकोणमच्या मेलकावेरीला पोचत. तिथं नदीकडे उतरणाऱ्या गल्लीत तिची पत्र्याची शेड होती. आत शिरलं की घशात खवखवायचं. फळ्यांवर ओळीनं बॅटऱ्या: बसच्या, रेडिओच्या, एका टुरिंग सिनेमाच्या. सगळ्यांच्या तारा भिंतीवरच्या चार्जिंगच्या पेटीत गेलेल्या, आणि मध्ये स्टुलावर ही बाई, काचेच्या नळीत ॲसिड ओढून त्यातला तरंगता काटा डोळ्यांपाशी धरून बघत बसलेली.

शेड नवऱ्याची, राधाकृष्णाची. त्याचे वाडवडील तंजावरच्या राजवाड्यात शस्त्रांच्या कोठीवर होते. गोऱ्यांनी संस्थान खालसा केलं तेव्हा तलवारी, भाले, कट्यारी सगळं नेलं. या घराला उरल्या भिंतीतल्या रिकाम्या खुंट्या आणि खंडेनवमी. तमिळ शेजारी त्याच दिवसाला आयुधपूजा म्हणतात आणि आपापल्या अवजारांना गंध-कुंकू लावतात. या घराची रीत वेगळी. शेंदूर उकळलेल्या जवसाच्या तेलात खलायचा आणि हत्याराला पुरा लेप द्यायचा. मुठीला, पात्याला, पाठीला, पोटाला. अर्धं हत्यार पुजणं म्हणजे त्याचा अपमान. तलवारी गेल्या तरी त्यांनी शेंदूर सोडला नाही. आजोबांनी कुऱ्हाड पुजली, बापानं करवत, राधाकृष्णानं पक्कड आणि पान्हे. साहेबाला हत्यार नेता आलं, हत्यार पुजायची खोड नेता आली नाही. मला त्या घराचं हे आवडायचं.

राधाकृष्ण तापानं गेला. दीर म्हणाले, शेड विकून टाकू. मीनाक्षीबाईनं चौदाव्या दिवशी कुलूप काढलं आणि चार्जिंगची पेटी सुरू केली. शिकली कशी म्हणाल, तर नवऱ्याशेजारी बसून निम्मं आणि चुकून निम्मं. एका बसची बॅटरी तिनं उलट्या तारा जोडून जाळली होती आणि वर बसवाल्यालाच दम दिला होता. ती गरीब स्वभावाची नव्हती. तिला नम्र म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

सन सेहेचाळीसमध्ये तिरुवलंचुळीच्या कुळांनी आणि छोट्या जमीनवाल्यांनी मिळून एक संघ केला आणि एका मळ्याच्या लिलावातून ट्रॅक्टर आणला. अमेरिकेतून केव्हातरी आलेला, लोखंडी दातेरी चाकांचा, रंग उडालेला म्हातारा. युद्ध संपलं तरी धान्याची ओरड संपली नव्हती. कलेक्टर कचेरी ट्रॅक्टर चालतो तोवर रॉकेलचं परमिट देत असे. चालला नाही तर परमिट बंद.

या म्हाताऱ्याची एक अडचण होती. जुन्या ट्रॅक्टरांना बहुतेक मॅग्नेटो असतो. इंजिन आपली ठिणगी आपण पाडतं, बॅटरीशी त्याचं देणंघेणं नाही. याला मात्र मोटारीसारखी बॅटरीची ठिणगी. बॅटरी संपली की इंजिन मेलं. म्हणून बॅटरी सतत भरत राहायला हवी, आणि ते काम डायनमोचं. डायनमो म्हणजे इंजिनाच्या बाजूला, पट्ट्यावर फिरणारं लोखंडी नळकांडं. फिरलं की वीज करतं. चालकासमोर एक काट्याची तबकडी होती. काटा अधिककडे गेला तर बॅटरी भरते आहे, उण्याकडे गेला तर रिकामी होते आहे. सगळ्या तिरुवलंचुळीला तो काटा वाचता येत होता. पांढऱ्या विनायकाच्या देवळात जाणारे लोकसुद्धा वाटेत थांबून तबकडीत डोकावून जात.

बॅटरी आणि डायनमो सांभाळायचं काम संघानं मीनाक्षीबाईला दिलं होतं. चालवायचं काम तुकोजीला. तुकोजी म्हणजे पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ, विठ्ठलाच्या भजनीमेळ्यात मृदंग वाजवणारा. इंजिनाचा आवाज बदलला की त्याला ठेका चुकल्यासारखं व्हायचं. तो तिला अक्का म्हणायचा, ती त्याला अरेतुरे करायची, आणि दोघांचं बरं चाललं होतं.

नवरात्रात अष्टमीला ती भरलेली बॅटरी घेऊन ट्रॅक्टरच्या छपराखाली गेली. तिथं झाडलोट चालली होती, केळीचे खुंट बांधत होते. संघाचे प्रमुख कृष्णराव, आपलेच मराठी, नाकासमोर चालणारे, धोतराला चिखल लागू न देणारे, पुढे आले.

"बाई, बॅटरी ठेवा आणि उद्याचा दिवस इकडे येऊ नका. सवाष्णी यायच्या आहेत पूजेला."

"मी येऊन काय करणार होते? कुंकू चाटणार होते?"

"तसं नव्हे. लोक बोलतात."

"लोकांना बॅटरी भरता येत असती तर मलाही आवडलं असतं," ती म्हणाली आणि पान्हा घेऊन खाली बसली. तिनं डायनमोचे बोल्ट सोडवायला घेतले.

"हे काय?"

"आतले कोळशाचे ब्रश झिजलेत. घरी नेऊन बदलते. दशमीला परत बसवते. उद्या तर तो फिरायचाच नाहीये ना? पूजा आहे."

तुकोजी हळूच म्हणाला, "अक्का, ब्रश परवाच बदलले की."

"तू केळीचा खुंट बांध."

डायनमो तिनं पोत्यात घातला आणि नेला.

नवमीला मी तिच्याकडे पातळ पोचवायला गेलो आणि हरभऱ्याच्या सुंडलीसाठी, म्हणजे नवरात्रातल्या खोबरं घातलेल्या उसळीसाठी, थांबलो. रिकाम्या खुंट्यांखाली पाटावर डायनमो ठेवलेला. वरपासून खालपर्यंत शेंदरी. तारा जोडायच्या पितळी टोकांवर आणि अंगावरच्या एका स्क्रूवर तेवढं मेण लावून ती झाकली होती. बाकी बूड, पाय, कडा, बोल्टांची भोकंसुद्धा लेपानं भरलेली. आदल्या दिवशी लेप देऊन तिनं तो उन्हात ठेवला होता, त्यामुळे तो सुकून कवडीसारखा गुळगुळीत झाला होता.

"हे ट्रॅक्टरचं हत्यार आहे," ती म्हणाली. "अख्खा म्हातारा माझ्या दारातून आत येत नाही, म्हणून त्याची तलवार आणली. त्यांनी मला कुंकू लावू दिलं नाही. शेंदूर लावायला मला कुणाची परवानगी लागत नाही. ही माझ्या घरची रीत."

"कृष्णरावांना कळलं तर?"

"तर त्यांचं तोंड लाल होईल. लेप न देता."

मी हसलो आणि आणखी सुंडल घेतली. सांगायचं ते सांगतो. मलाही ते तेव्हा फार झकास वाटलं होतं.

दशमीला तिनं डायनमो परत बसवला. घट्ट आवळला. लाल डायनमो बघून कृष्णरावांच्या कपाळावर आठी आली, पण पूजा आटोपली होती, बोलायला मुहूर्त उरला नव्हता.

नांगरट सुरू झाली. कुरुवईचं, म्हणजे पहिल्या पिकाचं, भात निघालं होतं. मार्गशीर्षाआधी आमच्याकडे ईशान्येकडून पाऊस येतो, त्याच्या आत दुसऱ्या पिकासाठी रान उलथून व्हायला हवं होतं. पहिल्या दिवशी ट्रॅक्टर सकाळी झोकात गेला आणि दुपारच्या आत खोकला, अडखळला आणि शेताच्या मधोमध बसला. तबकडीतला काटा उण्याकडे. बॅटरी रिकामी.

मीनाक्षीबाईनं दुसरी भरून पाठवली. तीही दुपारपर्यंत गेली. तिसरी घेऊन ती स्वतः आली आणि बांधावर उभी राहून तिनं पहिला बळी घेतला तो तुकोजीचा.

"भाकर खाताना स्विच चालू ठेवतोस तू. इंजिन बंद, ठिणगीची तार तापतेय आणि तू तिकडे मांडीवर मृदंग वाजवतोयस."

"नाही अक्का. स्विच मी बंद केला होता. विठोबाची आण."

"विठोबास यात ओढू नको. त्याला विटेवर उभं राहायचं काम आहे, ॲसिड तोलायचं नाही. तू खोटं बोलतोस."

बांधावर माणसं होती. तुकोजीनं किल्ली सीटवर ठेवली, माळेला हात लावला आणि चालू लागला. पाठीमागून कुणीतरी हाक मारली, तो थांबला नाही.

आता खरं सांगायचं तर ती चुकली होती, आणि तिला ते त्याच संध्याकाळी कळलं. तिनं स्वतः समोर बसून पाहिलं: इंजिन जोरात चालू, पट्टा फिरतोय, डायनमो फिरतोय, आणि काटा उण्याकडेच. म्हणजे बॅटरीत काही येतच नव्हतं. तुकोजीनं स्विच बंद ठेवला काय आणि चालू ठेवला काय. पण ते तिनं त्याला जाऊन सांगितलं नाही. "आधी दोष सापडू दे," म्हणाली. मानी माणसं माफी मागायची वेळ नेहमी कशाच्या तरी नंतर ठेवतात.

डायनमो तिनं पुन्हा काढला आणि शेडमध्ये आणला. पोलादी वाइसमध्ये आवळून धरला, पट्ट्यानं फिरवला. एक तार त्याच्या पितळी टोकाला, दुसरी त्याच्याच अंगावरच्या स्क्रूला, मध्ये बल्ब. बल्ब लख्ख लागला. तारा पाहिल्या, कट-आउट नावाची वीज उलटी फिरू न देणारी डबी पाहिली, सगळं बरोबर. ट्रॅक्टरवर चढवला की मेला. परत काढला, शेडमध्ये जिवंत. परत चढवला, मेला. तिनं ब्रश बदलले, तार नवी टाकली, तबकडीसुद्धा उघडली. मी बघत होतो. पान्हा खाली टाकायची तोही फेकल्यासारखा.

मधल्या वेळेत कुंभकोणमनं आपला निकाल लावून ठेवला होता. विधवेनं नवमीला आयुधाला हात लावला. नुसता लावला नाही, घरी नेऊन रंगवलं. मग दुसरं काय होणार? हे आधी केळीच्या बाजारात ऐकू आलं, मग तांदळाच्या गिरणीत, मग एका बसवाल्यानं तिच्याकडच्या बॅटऱ्या न भरताच परत नेल्या. म्हणाला, "अम्मा, रागावू नका, गाडी रोज नदीकाठच्या रस्त्यानं जाते, माणसं असतात आत." माणसं आधीही होती आत. तेव्हा तो बॅटरी उधारीवर न्यायचा.

मी असल्या गोष्टींवर सभेत बोलतो तेव्हा घसा बसेपर्यंत बोलतो. तिच्या शेडमध्ये मी तोंड उघडलं तेव्हा ती म्हणाली, "तुमचं भाषण ठेवा. भाषणानं काटा अधिककडे जात नाही."

मग कृष्णराव आले. दारातच उभे राहिले, ॲसिडच्या वासानं नाकाला उपरणं लावून.

"बाई, माझा तुमच्यावर राग नाही. पण रान पडून आहे. ढग जमायला लागलेत. परमिटवाले विचारतात. मी चंद्रमौळींना सांगितलंय, त्यांच्या वर्कशॉपमध्ये ट्रॅक्टर ओढून नेतील."

"न्या. दोष असेल तो काढतील."

"दोष काढतील. आणि..." त्यांनी उपरणं जरा आवळलं. "संघाची बैठक झाली. यापुढे तुम्ही त्याला हात लावू नये असं ठरलं."

"कशामुळे? काम येत नाही म्हणून?"

"असंच म्हणा की. त्यात तुमचंच बरं."

"मी का म्हणू? तुम्ही बैठकीत जे म्हणालात ते म्हणा. इथं म्हणा."

कृष्णरावांनी उपरणं नाकावरून काढलं. "लोक म्हणतात, विधवेचा हात लागला म्हणून यंत्र बसलं. मी म्हणत नाही. पण मी लोकांचा प्रमुख आहे."

बल्ब, पक्कड, नळी, सगळं तिथंच होतं, आणि ती कशालाही हात न लावता उभी होती. तिला कळत होतं, मलाही कळत होतं: हा ठराव एका ट्रॅक्टरपुरता राहणार नव्हता. संघानं तिचा हात वाईट ठरवला की बसवाले गेले, सिनेमावाला गेला, रेडिओवाले गेले. शेडला कुलूप घालायला दीर टपलेलेच होते. काम येत नाही म्हणून हाकललं असतं तर ती भांडली असती आणि शिकली असती. पण विधवापण काही शिकून जात नाही.

"उद्या दुपारपर्यंत द्या," ती म्हणाली. "चंद्रमौळींना बैल घेऊन येऊ द्या. संघातल्या सगळ्यांना येऊ द्या. दोष मला सापडला नाही तर बैलांच्या गळ्यात मीच दोर बांधीन."

"आणि सापडला तर?"

"तर तुम्ही आत्ता जे बोललात ते सगळ्यांसमोर परत बोलायचं. मी ऐकणार आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आधी तुकोजीच्या दारात गेली. इंजिन कसं चालतंय ते कानानं सांगणारा दुसरा माणूस गावात नव्हता. तुकोजी ओसरीवर मृदंगाला कणीक लावत होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"येतोस?"

"खोटारड्याला कशाला नेता?"

"स्विच बंद होता तुझा. मला त्याच दिवशी कळलं."

"मग त्याच दिवशी का नाही सांगितलं?"

"जीभ वळली नाही."

तुकोजीनं कणीक थापली, बोटांनी एकदा वाजवून पाहिलं. "मी तुमच्यासाठी येत नाही, अक्का. रान पडून आहे म्हणून येतो."

"रानासाठी ये. मला चालेल."

छपराखाली माणसं जमली होती. चंद्रमौळी आपली बैलजोडी घेऊन झाडाखाली बसले होते, पानाचा डबा उघडून. उंच, शांत माणूस. बाईकडून काम काढून घ्यायला आल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर नव्हता, दुःखही नव्हतं. "सावकाश पाहा अम्मा," एवढंच म्हणाले, "बैलांना घाई नाही."

"बैलांची मला काळजी नाही, अय्या. मालकांची आहे."

लोक हसले, कृष्णराव सोडून.

तुकोजीनं इंजिन सुरू केलं. काटा उण्याकडे गेला आणि तिथंच चिकटला. मीनाक्षीबाई उकिडवी बसली. पदर कमरेला खोचला. बल्बच्या दोन तारा घेतल्या. एक डायनमोच्या पितळी टोकाला धरली, दुसरी त्याच्या अंगावरच्या स्क्रूला. बल्ब लागला. इथं, ट्रॅक्टरवर बसवलेल्या डायनमोवरही लागला. म्हणजे डायनमो वीज करतोय. तिनं तोंडातल्या तोंडात शिवी दिली, कारण यानं कोडं सुटण्याऐवजी घट्टच होत होतं.

तेवढ्यात इंजिनाच्या हादऱ्यानं तिचा हात सरकला. दुसरी तार डायनमोच्या अंगावरून घसरून इंजिनाच्या बिडावर टेकली. बल्ब विझला.

तिनं तार परत डायनमोच्या स्क्रूवर ठेवली. लागला. इंजिनावर ठेवली. विझला. डायनमोवर. इंजिनावर. मी तिच्या पाठीमागे होतो. तिची मान एकदम ताठ झालेली मी पाहिली.

"बंद कर," ती तुकोजीला म्हणाली.

गंमत अशी आहे की मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये वीज जायला एकच तार असते. परत यायला तार नसते. बॅटरीचं एक टोक सांगाड्याला बांधलेलं असतं आणि सगळं लोखंडच परतीची वाट होतं. डायनमोही सांगाड्यावर नुसता बसतो, लोखंडाला लोखंड टेकतं, आणि त्या टेकण्यातून वीज घरी येते. तिच्या डायनमोच्या लोखंडाला इंजिनाचं लोखंड टेकतच नव्हतं. मध्ये सुकलेला शेंदूर होता. बुडाला, पायांना, बोल्टांच्या भोकांत, आट्यांत. पूर्ण लेप. अर्धं हत्यार पुजायचं नाही. शेडमध्ये ती तार थेट डायनमोच्या अंगाला लावायची म्हणून तिथं तो प्रत्येक वेळी जिवंत होत होता. इथं परतीच्या दारालाच तिनं कडी घातली होती.

तिनं बोल्ट सैल केले, डायनमो जरा उचलला, नखानं त्याचा पाय खरवडला. नखाखाली लाल खपली आली. खाली लोखंड चमकलं.

तुकोजी वाकला. त्यानं पाहिलं आणि त्याला लगेच कळलं. त्यानं छपराबाहेरच्या घोळक्याकडे एक नजर टाकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"अक्का, खरवडून टाका आणि गप्प बसवा. तार सैल होती म्हणा. कोणास कळतंय?"

हे त्यानं सांगितलं, ज्याला तिनं चारचौघांत खोटारडा म्हटलं होतं. आणि सल्ला वाईट नव्हता. तिचा लेप लागून ट्रॅक्टर बंद पडला हे कळलं की केळीच्या बाजाराला हवं होतं ते मिळणार होतं: बघा, तिच्याच हातानं. तिनं खपली अंगठ्यावर घेतली. मी तिच्याकडे बघत होतो. मी तिच्या जागी असतो तर काय केलं असतं ते मी लिहीत नाही.

ती उठली. "कृष्णराव, इकडे या. अय्या, तुम्हीही या. सगळे या."

आले. तिनं अंगठा पुढे केला.

"हा शेंदूर. माझ्या घरचा. नवमीसाठी मी लावला. बुडाखालीही लावला, तिथं लावायचा नव्हता. लोखंड लोखंडाला टेकत नाही, म्हणून वीज परत येत नाही. ट्रॅक्टर माझ्या हातानं बंद पडला."

घोळक्यात कुजबुज सुरू झाली. एकजण मोठ्यानं म्हणाला, "तेच तर आम्ही म्हणत होतो."

"काय म्हणत होतात?" ती वळली. "हात विधवेचा म्हणून बंद पडला म्हणत होतात. तसं नव्हे. लेप जाड होता म्हणून बंद पडला. लग्न झालेल्या बाईनं एवढा लावला असता तरी बंद पडला असता. पुरुषानं लावला असता तरी. खोटं वाटत असेल तर घरातून कोणा सवाष्णीस बोलवा. शेंदूर उरला आहे माझ्याकडे. ती लावील, मी बसवीन, आपण सगळे काट्याकडे बघू."

कोणी घराकडे गेलं नाही.

"आणीक एक," ती म्हणाली. "तुकोजीचा स्विच बंद होता. मी त्याला बांधावर सगळ्यांदेखत खोटारडा म्हटलं. तो खरं बोलत होता. चूक माझी."

तुकोजी एकदम किल्लीचा गंज खरवडायला लागला, तिच्यावर गंज नव्हता तरी.

चंद्रमौळी खाली वाकून पायाची लाल खपली पाहत होते. "मी आधी डायनमोच्या पोटातलं आर्मेचर उघडलं असतं," ते म्हणाले. "वर्कशॉपमध्ये नेऊन तुमच्यासारखंच फिरवून पाहिलं असतं, आणि आठवडाभर डोकं खाजवलं असतं." त्यांनी खिशातून घासपेपरचा तुकडा काढून तिच्या हातात दिला आणि परत झाडाखाली जाऊन बसले.

तिनं डायनमोचे पाय घासले, इंजिनावरची बैठक घासली, बोल्टांच्या आटीतून चिंधी ओढली. बाकी शेंदूर तसाच ठेवला. आवळला. तुकोजीनं इंजिन सुरू केलं. काटा आधी उण्याकडे हलला, मग इंजिनानं वेग घेतला तसा मधून सरकून अधिककडे गेला आणि तिथं थरथरत उभा राहिला. तुकोजीनं कान तिरका करून ऐकलं, आणि मांडीवर दोन बोटं वाजवली.

"आता बोला," मीनाक्षीबाई म्हणाली.

कृष्णराव काट्याकडे बघत होते. "काय बोलायचं? सुरू झाला."

"काल शेडमध्ये बोललात ते. लोक म्हणतात ते. ठरलं होतं आपलं."

"बाई, आता कशाला ते."

"काल का होतं मग?"

इंजिन चालू होतं, त्यामुळे मागच्यांना ऐकू जायला मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि कृष्णरावांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती. त्यांनी तीनदा तोंड उघडलं. शेवटी ते म्हणाले, "विधवेच्या हातानं यंत्र बसतं असं मी म्हटलं. ते... तसं नाही."

"लोक म्हणतात असं म्हणाला होतात."

"मी म्हटलं," ते म्हणाले. हे मात्र त्यांनी नीट म्हटलं, आणि त्याचं श्रेय मी त्यांचं त्यांना देतो. "संघाचा ठराव मी परत घेतो. ट्रॅक्टर तुमच्याकडेच. पण पुढच्या वर्षी शेंदूर नको."

"शेंदूर लागणार."

"बाई."

"पाय सोडून लागणार. पूजेचं ताट माझ्या हाती देता? मग इथंच लावते, तुमच्या समोर."

"ते जमायचं नाही."

"मग डायनमो माझ्या घरी येणार," ती म्हणाली, आणि हात पुसायला चिंधी शोधू लागली.

तुकोजीनं क्लच सोडला. लोखंडी चाकांनी माती उचलली आणि म्हातारा रानात उतरला. चंद्रमौळींनी बैल रिकामेच वळवले. मी सायकल काढली; तिरुभुवनमला त्या दुपारी माझी विणकरांची सभा होती आणि तिथं मी नेहमीपेक्षा कमी बोललो.

तो बसवाला परत आला नाही. दुसरे दोघे आले. सिनेमावाला कधी गेलाच नव्हता, त्याला बॅटरी भरण्याशी मतलब. कुंभकोणम बदललं असं मी लिहिणार नाही. देवळाच्या वाटेवरची कोपरं अजून चालतात. पूजेचं ताट तिच्या हातात कधी आलं नाही. दरवर्षी अष्टमीला ती पान्हा घेऊन तिरुवलंचुळीला जाते, कृष्णराव दुसरीकडे बघतात, आणि डायनमो पोत्यातून मेलकावेरीला येतो. दशमीला परत चढतो तेव्हा तो पुरा लाल असतो. फक्त पाय उघडे, घासून चांदीसारखे केलेले. तेवढ्या जागेवर ती शेंदराचा थेंबही सांडू देत नाही, आणि बाकी जागेवर लेप जरादेखील पातळ करत नाही.